उरलेल्या तुकड्याचं काय करणार, ते विचारा

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सिस्टर कागदांचा गठ्ठा घेऊन येतात. भूल देण्याची संमती, शस्त्रक्रियेची संमती, रक्त चढवावं लागलंच तर त्याची संमती. नातेवाईक पलंगाच्या कडेला फाईल टेकवून भराभर सह्या करतात, कारण सगळ्यांचा जीव दुसऱ्या दिवशीच्या सकाळीत अडकलेला असतो. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या किंवा कॅन्सरच्या मोठ्या रुग्णालयात त्या गठ्ठ्यात आणखी एक कागद असू शकतो. काढलेल्या गाठीचा, रक्ताचा किंवा अवयवाचा तपासणीनंतर उरलेला भाग संशोधनासाठी वापरायला आमची हरकत नाही, असं त्यावर लिहिलेलं असतं. कधी वेगळा कागदही नसतो, शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रातच खाली एक ओळ घुसवलेली असते. मी लिहितो आहे ते त्या एका ओळीबद्दल.

मी एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीचा सदस्य आहे. डॉक्टर नाही, वकीलही नाही. माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या अशा समितीत वैद्यकाशी संबंध नसलेला एक सामान्य नागरिक बसवावाच लागतो. ती खुर्ची माझी. संशोधक रुग्णाच्या हातात जो कागद देणार, तो वाचून ‘मला हे कळलं नाही’ असं सांगणं, हे माझं मुख्य काम. विभागप्रमुखांनी भरलेल्या खोलीत असं म्हणायला सुरुवातीला जीभ रेटत नाही, मग सवय होते. तिथे बसून जे समजलं त्यावरून एक सल्ला द्यावासा वाटतो. उरलेला तुकडा संशोधनाला जरूर द्या. पण मुकाट्यानं देऊ नका. कुणी नीट सांगितलं नाही तर तुम्ही विचारा, आणि उत्तर पटल्यावर सही करा.

आधी तो तुकडा जातो कुठे ते पाहू. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ फॉर्मॅलिनच्या बरणीत घालून पॅथॉलॉजी विभागात पाठवतात. तिथले डॉक्टर ती मोजतात, कापतात, आणि जिथे रोग दिसतो किंवा असण्याची शंका येते तिथले छोटे काप निवडतात. त्यांच्यावर प्रक्रिया करून ते मेणात बसवले जातात. हा मेणाचा चपटा चौकोनी ठोकळा म्हणजे ‘ब्लॉक’. त्याचे केसापेक्षा कितीतरी पातळ पापुद्रे काढून काचेवर चढवतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून रिपोर्ट लिहितात. दुसरं मत घ्यायला परळच्या टाटा रुग्णालयाकडे निघालेल्या सोलापूर-नांदेडच्या माणसांना ‘स्लाइड आणि ब्लॉक घेऊन या’ हे वाक्य पाठ असतं. फाईलच्या कप्प्यात, औषधाच्या डबीत ते ठोकळे रात्रीच्या गाडीनं प्रवास करतात. ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो. बरणीत जे उरतं ते काही काळ ठेवून पिवळ्या पिशवीत टाकतात आणि बहुधा भट्टीत जाळतात. शरीराच्या भागांसाठी पिवळा रंग २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनीच ठरवून दिलेला आहे.

म्हणजे संशोधनाला दिला नाही तर बरणीतला उरलेला तुकडा आपल्याला परत मिळणार आहे, असं सहसा नसतं. त्याला दोनच वाटा असतात, भट्टीची किंवा प्रयोगशाळेची. काही संशोधनांना मात्र ताजा तुकडा लागतो, फॉर्मॅलिनमध्ये न टाकलेला. तो ऑपरेशन थिएटरमधूनच उचलून उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये किंवा द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. अशा वेळी आधी विचारणं भागच असतं, म्हणून तो कागद आदल्या संध्याकाळी येतो.

द्यायचा कशासाठी? एक उदाहरण आपल्या घराजवळचं आहे. गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खोबणीत, जिथे माणसं तंबाखूचा बार भरतात, तिथे होणारा कॅन्सर आपल्याकडे फार. पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कॅन्सर असला तरी या जागी तुलनेनं कमी. त्यामुळे तिकडच्या संशोधनातून याचं कोडं सुटेल अशी वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता. खारघरची टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही संशोधन संस्था आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची जनुकशास्त्राची राष्ट्रीय संस्था यांनी मिळून शंभरेक रुग्णांच्या अशा गाठी आणि त्यांचंच रक्त तपासलं. गाठीतल्या जनुकांत काय बिघडलं आहे, हे त्याच माणसाच्या रक्ताशी ताडून पाहिलं. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले. या कॅन्सरमध्ये वारंवार बिघडणारी, आधी ठाऊक नसलेली काही जनुकं त्यात सापडली. गावोगावचे मिश्री, खैनी, गुटखा खाणारे लोक आजारी पडले, त्यांच्या गालातला तुकडा मिळाला, म्हणून ते कळलं. इथल्या आजाराचा अभ्यास इथल्या माणसांच्या नमुन्यांवरच होणार. आपण सगळ्यांनी नकार दिला तर आपल्याला दुसऱ्या देशातल्या शरीरांवरून काढलेल्या अंदाजांवर औषध घ्यावं लागेल.

आता दुसरी बाजू. न विचारता घेतलेल्या तुकड्याची जगातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातली आहे. हेन्रिएटा लॅक्स नावाची तंबाखूच्या शेतात राबून वाढलेली कृष्णवर्णीय बाई १९५१ च्या सुरुवातीला जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आली. काळ्यांसाठी वेगळा वॉर्ड होता, त्यात तिला ठेवलं. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. रेडियमचा उपचार करताना डॉक्टरांनी तिच्या गाठीचा एक छोटा तुकडा कापून जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पाठवला. तिला काही सांगितलं नाही. तोवर माणसाच्या पेशी शरीराबाहेर काही दिवसांत मरून जात; हिच्या पेशी मेल्या नाहीत. साधारण दिवसाकाठी दुप्पट होत राहिल्या. ऑक्टोबर १९५१ मध्ये ती गेली, वय ३१, मागे पाच मुलं. तिच्या नावाची अक्षरं घेऊन पेशींना ‘हेला’ म्हणू लागले. गाय यांनी त्या संशोधकांना फुकट वाटल्या, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. पोलिओच्या लसीची तपासणी या पेशींवर झाली. पुढे कंपन्यांनी त्या विकायला काढल्या. घरच्यांना हे सगळं वीस-बावीस वर्षांनी कळलं, तेही शास्त्रज्ञ त्यांच्याकडे रक्ताचे नमुने मागायला आले तेव्हा. आईच्या पेशी जगभर विकत मिळत होत्या आणि पोरांना स्वतःच्या आजारपणात खर्च परवडत नव्हता.

ही गोष्ट अमेरिकेपुरती राहिली नाही. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. भारतभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवणं हे त्याच्या कामांपैकी एक, आणि त्या यादीत हेला आहे. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाऊझेन यांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही हा विषाणू असतो हे दाखवलं, त्यासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. या विषाणूचा १८ क्रमांकाचा प्रकार हेला पेशींमध्येही आढळला. आज पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही लस ज्या चार प्रकारांविरुद्ध आहे त्यांत हा १८ नंबर आहे. शोधामागे इतर अनेक बायकांच्या गाठींचे नमुने होते, एकट्या हेन्रिएटाचा नव्हे. तरीही आपली पोरगी ही लस घेते तेव्हा तिचं थोडं देणं एका अशा बाईकडे लागतं, जिला कुणी काही विचारलं नव्हतं.

हेन्रिएटाची गोष्ट ऐकून लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतात, बघा, डॉक्टर चोरच. दुसरे म्हणतात, विचारलं नाही म्हणून काय बिघडलं, लाखो जीव वाचले की! दोन्ही मला पटत नाहीत. विचारलं असतं तर ती बहुधा हो म्हणाली असती, आणि सगळं विज्ञान जसंच्या तसं घडलं असतं. न विचारून कुणाचाही फायदा झाला नाही. उलट पुढच्या तीन पिढ्यांचा डॉक्टरांवरचा विश्वास उडाला, आणि २०१३ मध्ये कुणीतरी तिच्या पेशींचा पूर्ण जनुकनकाशा पुन्हा घरच्यांना न विचारताच जाहीर केला तेव्हा जखम नव्यानं उघडली. त्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं घरच्यांशी बोलून मार्ग काढला: तो नकाशा वापरायची परवानगी जी समिती तपासते, तिच्यात लॅक्स घराण्यातली माणसं बसतात. २०२३ मध्ये थर्मो फिशर या बड्या कंपनीनं या पेशींच्या विक्रीवरून घरच्यांशी तडजोड केली.

हेन्रिएटाच्या पेशी घेतल्या त्याच सुमाराला मुंबईतही मोठी गोष्ट घडली. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही रुग्णांच्या रक्तात एक विचित्र प्रकार आढळला. ए, बी, ओ यांपैकी कुठल्याच गटाचं रक्त या माणसांना चालेना. लंडनच्या तज्ज्ञांच्या साथीनं त्यांनी १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहिला, आणि या गटाला शहराचं नाव पडलं. आजही रक्तपेढीत ‘बॉम्बे ग्रुप’ म्हटलं की धावपळ सुरू होते, कारण असा माणूस आपल्याकडे साधारण दहा हजारांत एखादा, आणि त्याला त्याच गटाचंच रक्त लागतं. भेंड्यांच्या कामानं किती जणांचे प्राण वाचले असतील! शहराचं नाव राहिलं, डॉक्टरांचं राहिलं, ज्यांचं रक्त तपासलं त्यांना वैद्यकाच्या इतिहासात नाव नाही. त्या काळी जगात कुठेच यासाठी वेगळं विचारण्याची रीत फारशी नव्हती, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. आज रीत आहे. ती कागदावर राहू नये एवढंच म्हणणं आहे.

भारतात ऊतींसाठी स्वतंत्र कायदा नाही. १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा प्रत्यारोपणापुरता आहे. ब्रिटननं २००४ मध्ये वेगळा कायदा केला, तो लिव्हरपूलच्या ऑल्डर हे रुग्णालयात शवविच्छेदनानंतर मुलांचे अवयव आईबापांना न सांगता ठेवून घेतल्याचं उघड झाल्यावर. काही आईबापांना एकाच लेकराचे अंत्यविधी पुन्हा पुन्हा करावे लागले. आपल्याकडे आधार आहे तो आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा, आणि २०१९ च्या नव्या औषध व चाचणी नियमांनुसार वैद्यकीय संशोधन त्या तत्त्वांप्रमाणेच करावं लागतं. त्यांत एक गोष्ट स्वच्छ लिहिली आहे: दिलेल्या नमुन्याचा मालक देणारा माणूस, संस्था फक्त सांभाळणारी विश्वस्त. डॉक्टरांसमोर प्रश्न विचारताना संकोच वाटला तर हे आठवा. तुम्ही विचारताय ते तुमच्या मालकीच्या वस्तूबद्दल. शेत वाट्यानं देताना काय पेरणार, किती वर्षं, हे आपण विचारतोच.

सगळ्यांत नाजूक जागा वेगळीच आहे. आपल्या घरांतून अजूनही ‘त्यांना सांगू नका हं, डॉक्टर’ हे वाक्य ओपीडीच्या दाराशी कुजबुजलं जातं. आईला ‘गाठ आहे, काढून टाकायची’ एवढंच सांगितलेलं असतं. कॅन्सर हा शब्द रिपोर्टावर असतो आणि फाईल मुलाच्या पिशवीत. मुलाचा हेतू वाईट नसतो. संशोधनाचा कागद आला की मुलगाच सही करतो, कारण कागदाच्या मथळ्यातच तो शब्द छापलेला असतो, आईच्या हातात द्यायचा कसा? पण ही सही चालत नाही. शुद्धीवर असलेल्या, समजून घेऊ शकणाऱ्या सज्ञान माणसाच्या वतीनं दुसरं कुणी संशोधनाला संमती देऊ शकत नाही. मुलगा नाही, नवराही नाही. नवऱ्याचं मुद्दाम लिहितो, कारण स्तनाच्या किंवा गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ‘ह्यांना विचारा’ म्हणून बाई बाजूला होते, आणि ‘हे’ चष्मा न लावता सही ठोकतात.

आईला सांगायचंच नसेल तर संशोधनाला नाही म्हणा, उपचारांत काही फरक पडणार नाही. माझं मत विचाराल तर आईला सांगा. निदान एवढं तरी विचारा की, ‘डॉक्टर तुझ्या आजाराचा अभ्यास करतायत, तुझ्या गाठीचा उरलेला भाग मागतायत, देऊ या का?’ बहुतेक वेळा आईला सगळं कळलेलंच असतं. डे-केअरमध्ये शेजारच्या पलंगावरची बाई सांगते. आणि असं विचारल्यावर बायका काय म्हणतात, हे नमुने गोळा करणाऱ्या मुलामुलींकडून मी ऐकत आलोय: ‘घ्या की बाई, माझ्या सुनेच्या कामी येईल.’ जिला आपण जपून ठेवलं, ती आपल्यापेक्षा धीराची निघते.

लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठा चालतो, पण शेजारी एक साक्षीदार हवा, आणि तो त्या संशोधनाशी संबंध नसलेला हवा. वॉर्डातल्या मावशींना घाईनं बोलावून साक्षीदार करणं हे मला तरी पटत नाही, त्यांची नोकरी तिथलीच असते. मुलाबाबत आईबापांची संमती लागते, पण सात वर्षांपुढच्या मुलालाही समजेल अशा भाषेत विचारायचं असतं. पोरगं ‘नको’ म्हणालं तर त्याचंही वजन असतं.

सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयात, महात्मा फुले योजनेत उपचार चालू असतात तेव्हा माणसाला एक ओझं वाटतं. एवढं फुकट केलं, आता यांना नाही कसं म्हणायचं. हे ओझं डोक्यावरून उतरवा. उपचार हा तुमचा हक्क आहे, त्याची परतफेड तुकड्यानं करायची नसते. ‘सही नाही केलीत तर उद्याच्या लिस्टमधून नाव निघेल’ असं कुणी सुचवलं, नुसतं सुचवलं तरी, तो नियमभंग आहे आणि समितीकडे तक्रार करण्याजोगा आहे. भुलीच्या आधी ट्रॉलीवर झोपवल्यावर पुढे केलेला कागदही तसाच. तेव्हा सरळ म्हणा: ऑपरेशनच्या कागदावर सही करतो, हा दुसरा नंतर वाचून देतो.

आता प्रश्न कोणते विचारायचे. पहिला, आणि बहुतेकांना न सुचणारा: माझ्या निदानाला आणि पुढच्या उपचाराला पुरेल एवढा तुकडा आधी बाजूला ठेवणार ना? ब्लॉक संपवून टाकणार नाही ना? स्तनाच्या किंवा फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये पुढे कधीतरी नवी चाचणी करायची वेळ येते, कुठलं औषध लागू पडेल ते बघायला, तेव्हा तोच जुना ब्लॉक काढावा लागतो. तो संशोधनात कापून संपला असेल तर पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते, आणि प्रत्येकाच्या बाबतीत ते शक्य होतंच असं नाही. चांगले संशोधक हे आपणहून लिहितात. न लिहिणाऱ्यांना मी दर वेळी लिहायला लावतो, आणि मग ते मला बघून उसासा टाकतात.

दुसरा प्रश्न व्याप्तीचा. हा तुकडा फक्त या अभ्यासासाठी वापरणार, की या आजारावरच्या कुठल्याही अभ्यासासाठी, की पुढे कुणीही काहीही करायला? नीट केलेल्या कागदावर हे वेगवेगळे पर्याय दिलेले असतात आणि तुम्ही हव्या त्यापुढे खूण करायची असते. तिसऱ्या पर्यायाला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. दहा वर्षांनी कुठला प्रश्न पुढे येईल हे आज संशोधकालाही माहीत नसतं. पण मग प्रत्येक नवा अभ्यास पुन्हा नैतिकता समितीसमोर येणार, असं त्यात लिहिलेलं असलं पाहिजे. ती ओळ नसेल तर मधल्या पर्यायावर थांबा.

नाव-गाव कुठे राहणार, हेही विचारा. ‘तुमची ओळख गुप्त राहील’ हे वाक्य सगळेच छापतात. नावाच्या जागी क्रमांक घातला जातो हे खरं, पण त्या क्रमांकाचं नाव सांगणारी यादी कुणाकडे असते? आणि जनुकांची माहिती निघणार असेल तर ती एकट्या तुमची नसते. स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेल्या बीआरसीए जनुकातला दोष तुमच्यात निघाला तर तो बहिणीत, मुलीत, मुलग्यातही असू शकतो. तेव्हा, ‘असं काही सापडलं तर आम्हाला सांगणार का, आणि सांगितल्यावर पुढचा सल्ला कोण देणार?’ हे सही करण्याआधी ठरलेलं बरं. काहींना ते कळायला नको असतं, तसं सांगायचाही अधिकार आहे. संशोधनासाठी केलेल्या चाचणीचं बिल मात्र तुमच्या नावावर लागता कामा नये. ते तपासून घ्या, हिशेबनिसाच्या खिडकीवर असे घोटाळे सहज होतात.

पैशाचं बोलू. कॅलिफोर्नियात जॉन मूर नावाच्या रुग्णाची प्लीहा १९७६ मध्ये रक्ताच्या कॅन्सरसाठी काढली. पुढची काही वर्षं डॉक्टर त्याला तपासणीच्या नावाखाली सिअ‍ॅटलहून बोलावून रक्त, वीर्य, मज्जा यांचे नमुने घेत राहिले. त्यांनी त्याच्या पेशींपासून एक पेशीवंश तयार केला होता आणि त्याचं पेटंट १९८४ मध्ये मिळवलं. मूर कोर्टात गेला. १९९० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शरीराबाहेर पडलेल्या पेशींवर त्याची मालकी नाही, पण उपचार करणाऱ्या डॉक्टरचा त्यात आर्थिक किंवा संशोधनाचा स्वार्थ असेल तर तो रुग्णाला आधी सांगितलाच पाहिजे. आपली आयसीएमआरची तत्त्वं मालकीच्या बाबतीत याहून रुग्णाच्या बाजूची आहेत आणि नफा झाल्यास त्यातला वाटा समाजाकडे यावा असंही सांगतात. पण एक भ्रम नको. तुमच्या एका गाठीतून कोट्यवधी निघण्याची शक्यता जवळपास नाही. बहुतेक नमुने शेकडो इतर नमुन्यांबरोबर मोजले जातात आणि सरासरीत विरून जातात. म्हणून पैशाची वाट बघू नका, पण ‘यात कुठली कंपनी आहे का, नमुना परदेशी जाणार का?’ हे विचारा. परदेशी संस्थेबरोबरच्या संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. ती घेतली आहे का, याचं उत्तर हो किंवा नाही असंच येतं.

नंदुरबार, गडचिरोली, मेळघाटातल्या वाचकांशी थोडं वेगळं बोलायचं आहे. सिकलसेलच्या तपासणीसाठी गावात शिबिरं होतात, केंद्राची मोहीम २०२३ पासून चालू आहे, बोटातून रक्त घेतात. ती तपासणी करून घ्या, लग्नाच्या पोरापोरींची तर आवर्जून. पण कुणी शिरेतून नळी भरून रक्त घेत असेल तर विचारा, हे तपासणीसाठी की अभ्यासासाठी? रिपोर्ट केव्हा मिळणार? उरलेलं रक्त कुठे जाणार? अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या दरीत राहणाऱ्या हवासुपाई आदिवासींचं रक्त १९९० च्या दशकात मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठानं घेतलं. पुढे त्याच रक्तावर मानसिक आजार, जवळच्या नात्यातली लग्नं आणि ही जमात मुळात कुठून आली, यांवर अभ्यास झाले. आपण याच दरीतले, असं त्या लोकांची श्रद्धा सांगते. तुमचे पूर्वज आशियातून आले, असं रक्त सांगतं म्हणे. त्यांनी खटला भरला. २०१० मध्ये विद्यापीठानं सात लाख डॉलर दिले आणि रक्ताच्या नळ्या परत केल्या. शास्त्र चूक होतं का, हा तिथे मुद्दाच नव्हता. मधुमेह म्हणून घेतलं होतं, दुसरंच केलं. एकट्यादुकट्याचं नाव झाकलं तरी छोट्या जमातीचं नाव झाकलं जात नाही, त्यामुळे अशा ठिकाणी एकेकाच्या सहीआधी ग्रामसभेत बोलणं व्हावं, असं मी समितीत मांडत असतो. वेळ लागतो, तो लागू द्यावा.

एक अप्रिय गोष्टही सांगून ठेवतो. जुने, निदानानंतर उरलेले, नाव पूर्ण पुसलेले ब्लॉक वापरायला समिती संमतीची अट माफ करू शकते. हजारो जुन्या रुग्णांना शोधून विचारणं शक्य नसतं, काही हयात नसतात. अशा प्रस्तावांना मी बहुतेकदा संमती देतो, मात्र नाव खरंच पुसणार कसं, हे सांगितल्यावर. म्हणजे तुमच्या वडिलांचा जुना ब्लॉक आज कुठल्यातरी अभ्यासात असू शकतो. हे तुम्हाला खटकत असेल तर खटकणं रास्त आहे, आणि आपल्या रुग्णालयाचं याबाबत धोरण काय, हे लेखी विचारता येतं.

हो म्हटल्यावर मन बदललं तर संमती मागे घेता येते, कारण न देता. शिल्लक नमुना नष्ट करायला किंवा परत द्यायला सांगता येतं. जी आकडेवारी आधीच निष्कर्षांत मिसळून गेली ती बाहेर काढता येत नाही, एवढं आधी समजून घ्या. त्यासाठी संमतीपत्राची एक प्रत तुमच्याकडेच राहिली पाहिजे. ती देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, झेरॉक्सचे पैसेही तुम्ही देऊ नका. त्यावर प्रमुख संशोधकाचा आणि नैतिकता समितीच्या सदस्य-सचिवाचा फोन नंबर असतो. नसेल तर सही करण्याआधी हातानं लिहून घ्या. ती प्रत ब्लॉकच्या पावतीजवळ, केसपेपरच्या फाईलमध्येच ठेवा. फोन केलात तर उचलणारा बहुधा कार्यालयातला कारकून असेल. त्याला कागदावरचं अभ्यासाचं नाव वाचून दाखवा, तेवढ्यावरून त्याला तुमची फाईल सापडते.